तुक्कियीम : एका हिब्रू शब्दाच्या अर्थनिश्चितीचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका मराठी दिवाळी अंकासाठी जुलैच्या अखेरीस एक लेख आला. लेखक वसई परिसरात वाढलेले निवृत्त अभियंते होते आणि सोपाऱ्याच्या इतिहासाचा त्यांना अनेक वर्षांपासून ध्यास होता. आजच्या नालासोपाऱ्याजवळचे प्राचीन शूर्पारक हेच बायबलमधले ओफीर, म्हणजे शलमोन राजाला सोने पुरवणारा दूरचा देश, असा लेखाचा दावा होता. अंकाच्या संपादकबाईंनी तो भाषिक तपासणीसाठी प्रस्तुत टिपणकाराकडे सोपवला. व्यक्तींची ओळख पटेल असा तपशील येथे गाळला आहे. शब्दाविषयीचा तपशील मात्र पूर्ण ठेवला आहे, कारण प्रकरण मुळात शब्दाचेच आहे.

दाव्याला तीन आधार होते. पहिला नावाचा: हिब्रूत ‘ओफीर’ असलेले नाव ग्रीक भाषांतरात ‘सोफीर’, ‘सोफीरा’ अशा रूपांत येते आणि ते ‘सोपारा’शी जुळते. दुसरा लाकडाचा: शलमोन राजाकडे ओफीरहून आलेले ‘अल्मुग्गीम’ लाकूड म्हणजे चंदन आणि तो शब्द संस्कृत ‘वल्गु’पासून आलेला. तिसरा आणि लेखकाच्या दृष्टीने सर्वांत भक्कम आधार ‘तुक्कियीम’ या शब्दाचा होता. १ राजे १०:२२ मध्ये सांगितले आहे की राजाची तार्शीश जहाजे सोरचा राजा हीराम याच्या जहाजांबरोबर तीन वर्षांतून एकदा सोने, रुपे, हस्तिदंत, कोफीम आणि तुक्कियीम घेऊन येत. कोफीम म्हणजे वानर. तुक्कियीम म्हणजे मोर, असे प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात आहे आणि बहुतेक जुन्या भाषांतरांतही आहे. मोर हा भारताचा पक्षी; शब्द तमिळ ‘तोगै’चा; म्हणून जहाजे भारतात आली होती, अशी ही मांडणी होती.

मांडणी नवी नव्हती. जर्मन हिब्रू-पंडित विल्हेल्म गेसेनिउसच्या कोशापासून चालत आलेल्या परंपरेत ही व्युत्पत्ती दिलेली आहे, आणि रॉबर्ट कॉल्डवेलने आपल्या द्राविडी भाषांच्या तुलनात्मक व्याकरणात (पहिली आवृत्ती १८५६) या शब्दाला जगातल्या लिखित साधनांत सापडणाऱ्या बहुधा सर्वांत जुन्या द्राविडी शब्दाचा मान दिला आहे. एवढी नावे पाठीशी पाहून टिपणकाराने दोन दिवसांत संपादकबाईंना कळवले की ओफीरचा भाग जपून मांडावा, व्युत्पत्तीला मात्र हरकत नाही. या प्रकरणातली पहिली चूक ही, आणि ती लेखकाची नाही. त्या होकाराच्या भरवशावर मुखपृष्ठाचे काम चित्रकाराकडे गेले: गलबताच्या नाळेवर बसलेला मोर.

अडचण कशी उघडकीस आली

अडचण विद्वानांनी काढली नाही, चित्रकाराने काढली. लेख वाचून त्याने फोन केला, “लेखात तोगै म्हणजे पिसारा असं लिहिलंय. मग जहाजावर नुसती पिसं काढू का आख्खा मोर?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर लेखात नव्हते आणि टिपणकाराकडेही नव्हते. तमिळमध्ये मोराला ‘मयिल’ म्हणतात. ‘तोगै’ म्हणजे पिसारा किंवा शेपटीचा झुबका. काव्यात तो शब्द मोरासाठीही योजतात, पण बाजारात पक्षी विकणारा माणूस काव्यातला शब्द वापरील काय, हा प्रश्न उरतोच.

मग एकेक सांधा तपासायला घेतला, आणि जो भाग सर्वांत पक्का समजला होता तोच सर्वांत सैल निघाला.

शब्दाची तपासणी

सुरुवात साक्षींपासून केली. हा शब्द संपूर्ण हिब्रू बायबलात दोन ठिकाणी येतो: १ राजे १०:२२ आणि २ इतिहास ९:२१. लेखकाने हे दोन स्वतंत्र पुरावे धरले होते. परंतु इतिहासाच्या पुस्तकाने ही यादी राजांच्या पुस्तकावरूनच घेतलेली आहे. म्हणजे साक्षीदार एकच, तो दोनदा बोलला आहे. दुसऱ्या ठिकाणचा एक उपयोग मात्र आहे. तेथे शब्दात ‘वाव’ हे अक्षर जास्त आहे, त्यामुळे पहिला स्वर उ किंवा ओ असावा हे कळते. मधल्या ‘क्क’चे द्वित्व आणि बाकीचे स्वर आपल्याला ठाऊक आहेत ते मध्ययुगीन मासोरा पंडितांनी दिलेल्या खुणांवरून, आणि त्या मूळ मजकुरानंतर हजाराहून अधिक वर्षांनी दिलेल्या आहेत. एकवचनी रूप बायबलात कोठेच नाही. ‘तुक्की’ हे आपण अनेकवचनावरून मागे जाऊन बनवलेले रूप.

त्यानंतर प्राचीन भाषांतरे पाहिली. अर्थ परंपरेने अखंड टिकून असता तर ती एकमुखाने बोलली असती. ती तशी बोलत नाहीत. सेप्टुअजिंट या हिब्रू बायबलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात राजांच्या पुस्तकात या जागी प्राणी-पक्षी काहीच नाहीत. तेथे सोने, रुपे आणि कोरलेले व घडवलेले दगड आहेत. इतिहासाच्या ग्रीक भाषांतरात हस्तिदंत आणि वानर आहेत, पण यादी वानरांपाशी थांबते. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस हीच हकीकत सांगताना हस्तिदंत, इथिओपियन माणसे आणि वानर अशी यादी देतो. त्याच्यासमोर ‘तुक्कियीम’च्या जागी ‘सुक्कियीम’ असे काही असावे, असा तर्क केला जातो, कारण २ इतिहास १२:३ मध्ये त्या नावाचे लोक कूशी म्हणजे इथिओपियन लोकांच्या शेजारी येतात. मोर ठामपणे येतात ते अरमाई तार्गुमात, सिरियाक पेशित्तात आणि जेरोमच्या लॅटिन व्हल्गेटमध्ये. १६११ च्या इंग्रजी भाषांतरातले मोर याच परंपरेतले, आणि मराठीतलेही.

येथे एक गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटावी. तार्गुम आणि पेशित्ता मोरासाठी जो शब्द वापरतात तो ‘तवस’ या घराण्यातला आहे. तो ग्रीक ‘ताओस’वरून आला, पुढे अरबी-फारसीत ‘ताऊस’ झाला, आणि आपल्याला तो शाहजहानच्या तख्त-इ-ताऊसमुळे चांगला परिचित आहे. म्हणजे हिब्रूभाषकांना पुढच्या काळात मोराचे नाव हवे होते तेव्हा त्यांनी ‘तुक्की’ न वापरता पश्चिमेकडून आलेले नाव घेतले. यावरून तुक्की म्हणजे मोर नव्हेच असे सिद्ध होत नाही. पण तो अर्थ बोलीत जिवंत नव्हता एवढे दिसते.

तिसरी पायरी व्युत्पत्तीची. ‘तोगै’ला दीर्घ ओ आहे आणि मधला क एकेरी आहे, तमिळमध्ये स्वरांच्या मधला एकेरी क आज ग किंवा ह च्या जवळ उच्चारतात. हिब्रूत ऱ्हस्व उ आणि दुहेरी क्क. हा फरक प्राणघातक नाही, कारण शब्द हातोहाती जाताना झिजतात आणि फुगतात. पण मधले हात कोणते, हे दाखवता येत नाही. शिवाय शलमोनाचा काळ इ.स.पू. दहाव्या शतकाचा धरतात आणि तमिळची लिखित साधने त्यानंतर कित्येक शतकांनी सुरू होतात. तमिळच्या एका निवृत्त प्राध्यापिकांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, आम्हीसुद्धा हे अभिमानाने वर्गात सांगत आलो. पण माझा पुरावा तुमचं बायबल आणि तुमचा पुरावा माझं तमिळ, असं चाललंय हे.”

प्रतिस्पर्धी मत इजिप्तचे आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ विल्यम ऑल्ब्राइट यांनी तुक्कियीमची सांगड इजिप्शियन ‘क-य’ या वानरवाचक शब्दाशी घातली. त्याला ‘ता’ हे स्त्रीलिंगी उपपद जोडून हा शब्द तयार झाला, असे हे मत. त्याचे बळ ध्वनीपेक्षा यादीत आहे. ‘जहाज फुटलेल्या खलाशाची कथा’ या इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातल्या इजिप्शियन कथेत पुंत या तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या देशाचा स्वामी असलेला सर्प खलाशाला निरोपाच्या भेटी देतो. त्यांत हत्तीचे सुळे आहेत, शिकारी कुत्रे आहेत, आणि ‘ग-फ’ व ‘क-य’ ही वानरांची दोन नावे लागोपाठ आहेत. हिब्रू ‘कोफ’ची तुलना याच ‘ग-फ’शी करतात (संस्कृत ‘कपि’शीही करतात, हे लेखकाने बरोबर नोंदवले होते). हस्तिदंत, ग-फ, क-य. हस्तिदंत, कोफीम, तुक्कियीम. तांबड्या समुद्रातून येणाऱ्या मालाची ठरलेली यादीच जणू. नव्या राज्याच्या काळात हत्शेप्सुत राणीच्या पुंतमोहिमेची चित्रे देर अल-बहरीच्या मंदिरात कोरली आहेत, त्यांतही जहाजांवर माकडे चढलेली दिसतात. म्हणूनच न्यू इंटरनॅशनल व्हर्जन या इंग्रजी भाषांतरात आज मोरांच्या जागी बबून आहेत, आणि न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने मोर ठेवून तळटिपेत बबूनची शक्यता दिली आहे.

या मतालाही खोट आहे. उपपदासकट शब्द उसना घेतला आणि तोही स्त्रीलिंगी, हे गृहीत धरावे लागते. इजिप्शियन लिपी स्वर लिहीत नाही, त्यामुळे स्वर जुळतात की नाही हे पडताळता येत नाही. टिपणकाराचा कौल इजिप्तकडे किंचित झुकतो, पण तो यादीच्या सारखेपणामुळे, शब्दाच्या सारखेपणामुळे नव्हे.

अल्मुग्गीमची तपासणी लवकर आटोपली. सिरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित या प्राचीन नगराच्या लेखांत ‘अलमग’ आणि मेसोपोटेमियातल्या अक्कडी भाषेच्या लेखांत ‘एलम्मक्कु’ हे लाकडाचे नाव सापडल्यावर संस्कृत ‘वल्गु’चे कारणच उरले नाही, आणि २ इतिहास २:८ मध्ये तर शलमोन ‘अल्गुम्मीम’ लबानोनातून मागवतो. भारतीय व्युत्पत्ती एकदा छापली की किती काळ टिकते, याचा हा नमुना संपादकबाईंच्या मनावर सर्वांत जास्त ठसला.

शेवटी ओफीर. इस्राएलमधल्या तेल कसिले येथे सापडलेल्या इ.स.पू. आठव्या शतकातल्या एका खापरीवर ‘ओफीरचे सोने’ असा उल्लेख आहे, म्हणजे नाव कल्पित नाही. पण उत्पत्ती १०:२९ मधल्या वंशावळीत ओफीर हे नाव शबा आणि हवीला यांच्या मध्ये येते, आणि ती दिशा अरबस्तानाची आहे. ‘सोफीर’मधला स ग्रीकात आहे, हिब्रूत नाही. सर्वांत बोचणारी गोष्ट तर मूळ वचनातच होती, आणि ती आम्ही कोणीच पाहिली नव्हती: १ राजे १०:२२ मध्ये ओफीरचे नावच नाही. ओफीर अकराव्या वचनात आहे, तेथे सोने, लाकूड आणि रत्ने आहेत. बाविसाव्या वचनात आहे ते तार्शीश, आणि बायबलमधला संदेष्टा योना याफोहून ज्या तार्शीशाकडे पळतो ते पुष्कळांच्या मते भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाला आहे. ‘तार्शीश जहाजे’ म्हणजे लांब पल्ल्याची मोठी जहाजे एवढाच अर्थ घेता येतो (१ राजे २२ मध्ये अशी जहाजे ओफीरला जाण्यासाठी बांधलेली आहेत), आणि तसा घेतला तर यादी ओफीरची असू शकते. पण ‘असू शकते’ आणि ‘आहे’ यांच्यात लेखाची दोन पाने वाहून जात होती.

विचारात घेतलेले पर्याय

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात संपादकबाई, लेखक आणि टिपणकार यांची बैठक झाली. लेख जसाच्या तसा छापणे हा पर्याय लेखकाला हवा होता; इतकी मोठी माणसे म्हणून गेली आहेत, मग आपण कोण अडवणारे, हा त्यांचा युक्तिवाद. लेख गाळणे हा पर्याय टिपणकाराने मांडला, आणि आता वाटते की तो स्वतःची चूक झाकण्याचा सोपा मार्ग होता. तिसरा पर्याय संपादकबाईंच्या सहायकाने सुचवला: ‘मोर नव्हे, माकड!’ असा मथळा देऊन उलट बाजू छापावी. तो वाचकांना आवडला असता. पण त्यात एका अनिश्चित मताच्या जागी दुसरे अनिश्चित मत ठेवून फक्त आवाज वाढवला जात होता.

लेखक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मोर काढून घेतलात, चंदन काढून घेतलंत. मग माझ्या सोपाऱ्याचं उरलं काय?”

या प्रश्नाने चौथा पर्याय पुढे आला. सोपाऱ्याला शलमोनाच्या प्रमाणपत्राची गरजच नाही. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तेथे भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला. पाली वाङ्मयात सुप्पारक आहे, पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आणि टॉलेमीच्या भूगोलात ते बंदर आहे. भारतातून मोर पश्चिमेकडे गेले याची आठवणही आपल्याकडे आहे: बावेरु जातकात व्यापारी बावेरु म्हणजे बाबिलोन देशी आधी कावळा नेतात आणि मग मोर. ती कथा शलमोनाच्या काळाची नाही, पण व्यापाराची आहे. तुक्कियीम हा शब्द पुरावा म्हणून न वापरता प्रश्न म्हणून मांडावा, आणि सोपाऱ्याचा इतिहास त्याच्या स्वतःच्या साधनांवर उभा करावा, असे ठरले.

लेखकाने आणखी एक विचारले: “म्हणजे हे कधीच कळणार नाही?” त्यावर त्यांना ‘पीम’ची हकीकत सांगितली. १ शमुवेल १३:२१ मध्ये, पलिष्ट्यांकडून नांगराचे फाळ धार लावून घेण्याच्या संदर्भात, हा शब्द एकदाच येतो. शतकानुशतके त्याचा अर्थ लागत नव्हता. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तेथे कानस आहे. पुढे विसाव्या शतकात पॅलेस्टाइनच्या जमिनीतून त्याच नावाची अक्षरे कोरलेली दगडी वजने निघाली, सुमारे ७.८ ग्रॅमची, म्हणजे शेकेल या प्राचीन वजनाच्या दोन-तृतीयांशाची, आणि कळले की पीम हा धार लावण्याचा दर होता. शब्दांच्या साम्यावर कितीही घासाघीस करून हा निकाल लागला नसता. तुक्कियीमच्या बाबतीत असा दगड अजून हाती आलेला नाही. ही हकीकत ऐकल्यावर लेखक राजी झाले. त्याआधीच्या तासाभराच्या ध्वनिविचाराचा त्यांच्यावर काहीही परिणाम झालेला नव्हता.

केलेली कार्यवाही

लेखकाने तीन आठवड्यांत लेख नव्याने लिहिला. मथळ्यात प्रश्नचिन्ह आले. शब्दाचा भाग एका स्वतंत्र चौकटीत गेला, आणि त्यात सेप्टुअजिंट, जोसेफस, व्हल्गेट, तमिळ आणि इजिप्त अशा क्रमाने साक्षी मांडल्या. हा क्रम मुद्दाम ठेवला: आधी जुन्या वाचकांनी काय वाचले, मग शब्द कोठून आला. पहिल्या लेखनात व्युत्पत्ती आधी होती आणि अर्थ तिच्यामागून ओढला गेला होता.

मुखपृष्ठावर मात्र मतभेद राहिले. चित्र तयार होते, पैसे दिलेले होते, आणि मोर सुरेख उतरला होता. टिपणकाराचे मत चित्र बदलावे असे होते. संपादकबाईंनी ते ठेवले आणि आतल्या पानावर ‘परंपरागत अर्थानुसार काढलेले चित्र’ अशी ओळ दिली. तो निर्णय त्यांचा होता, आणि विक्रेत्यांच्या फळीवर अंकाला तीन सेकंद मिळतात हे त्यांना टिपणकारापेक्षा चांगले ठाऊक होते.

परिणाम

अंक निघाल्यावर आलेल्या पत्रांत दोन लक्षात राहण्याजोगी होती. एका वाचकाने परदेशी विद्वानांच्या दबावाखाली भारताचे श्रेय घालवल्याचा आरोप केला. कॉल्डवेल आणि गेसेनिउस हेही परदेशीच होते, एवढेच त्यांना कळवण्यात आले. दुसरे पत्र इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल समाजातल्या एका आजींचे होते. त्यांचे बालपण अलिबागजवळ गेलेले. त्यांनी अस्सल मराठीत लिहिले होते की मोर आणि माकड यांवर तुम्ही एवढी पाने भरलीत, पण आमच्या नातवंडांना विचाराल तर ‘तुक्की’ म्हणजे पोपट, आणि तो आमच्या शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात आहे.

त्यांचे म्हणणे खरे होते. आधुनिक हिब्रूत ‘तुक्की’ म्हणजे पोपटच. बायबलातला ओसाड पडलेला शब्द नव्या कामाला लावला गेला. प्राचीन अर्थावर याने काही प्रकाश पडत नाही, तरीही चौकटीत ते असायला हवे होते, कारण मराठी बोलणाऱ्या वाचकांपैकी ज्यांना हा शब्द रोजच्या वापरातून ठाऊक आहे त्यांना आम्ही विचारलेच नव्हते.

तिसरी गोष्ट पत्राने आली नाही, टिपणकारालाच दिसली, तीही डिसेंबरात. लेखासोबत एक नकाशा होता. मजकूर दोनदा तपासला गेला, नकाशा एकदाही नाही. त्यावर एसयोन-गेबेर या शलमोनाच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदराकडे येणाऱ्या बाणाशेजारी ‘ओफीरहून : हस्तिदंत, वानर, मोर’ असे छापले होते. म्हणजे आतल्या चौकटीत ज्या तीन गोष्टी अनिश्चित म्हणून सांगितल्या, त्या नकाशाने एका ओळीत निश्चित करून टाकल्या होत्या.

पुन्हा करायचे झाल्यास

पहिल्या वाचनात कोश उघडण्याआधी मूळ वचन उघडायला हवे होते. बाविसाव्या वचनात ओफीर नाही हे पाहायला हिब्रू येण्याची गरज नव्हती. मराठी पवित्र शास्त्र पुरेसे होते आणि ते टिपणकाराच्या कपाटात होते. व्युत्पत्तीला हरकत नाही असे कळवताना ती कोणत्या काळातल्या कोशातली आहे, आणि उगारितची साधने १९२९ नंतरच्या उत्खननांतून हाती आल्यावर तिचे काय झाले, हे विचारायला हवे होते. चित्रकाराला लेख वाचायला दिला हा योगायोग होता. यापुढे तो नियम केला आहे, आणि नकाशे काढणाऱ्यालाही लागू केला आहे.

मुखपृष्ठाबाबत टिपणकाराचे मत पूर्वी होते तेवढे ठाम राहिलेले नाही. जेरोमपासून आजपर्यंत पुष्कळ वाचकांनी त्या जहाजांवर मोरच पाहिला आहे, आणि तोही या शब्दाच्या इतिहासाचा भाग आहे. नकाशाची दुरुस्ती पुढच्या अंकात दोन ओळींत छापली. लेखकाने ती स्वतः लिहून पाठवली होती, आणि तिच्यात ‘मोर’ हा शब्द कोठेही न वापरता ‘तुक्कियीम’ तसाच ठेवला होता.